सगळं धरून ५२ लाख. नोकऱ्या चाकण आणि शिवाजीनगरला, माहेर माणिकबागेत. घर कुठे बघावं?

अबोली_कर्वेनगर

नमस्कार. लग्न झाल्यापासून आम्ही पुण्यात कर्वेनगरात भाड्याने राहतोय. वन बीएचके, भाडं १९ हजार, पुढच्या करारात मालकांनी २१ सांगितलेत. स्वतःचं घर घ्यायचं हे नक्की झालंय. पण कुठे, या एकाच प्रश्नावर घरात रोज रात्री चर्चा होते आणि रोज तिथेच संपते.

आमची परिस्थिती सांगते. नवरा चाकण एमआयडीसीत, एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी. पहिल्या पाळीला पहाटे पाचच्या आत घर सोडतो, कंपनीची बस वारज्याच्या पुलापाशी येते. मी शिवाजीनगरला कोर्टाजवळच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते, साडेनऊ ते सहा. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. तिला सध्या माझी आई सांभाळते. सकाळी स्कूटरवर राजाराम पुलावरून माणिकबागेत जायचं, तिला सोडायचं, तिथून ऑफिस, संध्याकाळी उलटा फेरा. सासूबाई संगमनेरला एकट्या असतात, यंदा दिवाळीनंतर त्यांना कायमचं आमच्याकडे आणायचंय. त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात. एक जिना हळूहळू चढतात, दोन नाही.

पैशांचं असं आहे की हातात १३ लाख आहेत. त्यात दोघांची बचत, सासऱ्यांच्या मागे राहिलेली एक ठेव, सगळं आलं. दागिन्यांना हात लावायचा नाही असं ठरवलंय. हप्ता ३५ हजारांच्या वर गेला तर घरखर्च ओढाताणीचा होईल. म्हणजे सगळं धरून ५२, फार तर ५३ लाख.

तीन जागा बघितल्यात.

मोशीत नवीन बिल्डिंग, टू बीएचके, ६४० चौरस फूट कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा), किंमत ५२ लाख अधिक टॅक्स, ताबा डिसेंबर २०२७. सॅम्पल फ्लॅट फार सुरेख आहे, खाली मुलांना खेळायला जागा.

धायरीत सहा वर्षं जुनी इमारत, टू बीएचके, लिफ्ट आहे, ५४ सांगतायत. आई तिथून दहा-पंधरा मिनिटांवर. पाणी टँकरचं.

तिसरी वल्लभनगर-कासारवाडीच्या बाजूला. नवऱ्याच्या कंपनीतल्या एकाने दाखवली. १९९८ची तीन मजली इमारत, लिफ्ट नाही, पहिला मजला, टू बीएचके पण ५६० कार्पेटच, ४८ सांगितलेत. नाशिक फाट्याचं मेट्रो स्टेशन चालत जाण्यासारखं. पण घर बघून माझं मन बसलं नाही. जिन्यात अंधार, ग्रिल गंजलेलं, स्वयंपाकघराचा ओटा इतका अरुंद की परात ठेवली की पोळपाट ठेवायला जागा नाही.

नवरा मोशी म्हणतो, आई धायरी म्हणते. या भागांत राहणाऱ्यांनी कृपया अनुभव सांगा.

स्पाइनरोड

मी मोशीत राहतो, पूर्वीच्या पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाच्या पेठेत, म्हणजे सेक्टरमध्ये. या पेठांमधले रस्ते आखलेले आहेत. रुंद, दोन्ही बाजूंना झाडं, मध्ये बागेसाठी सोडलेल्या जागा. स्पाइन रोडवरून निगडी, भोसरी दोन्हीकडे जाता येतं. तुमच्या मिस्टरांना चाकण दहा-बारा किलोमीटर, म्हणजे पहाटे पाचला निघायची गरजच नाही. लहान मुलांची कुटुंबं इथे खूप आहेत. माझा मुलगा संध्याकाळी शाळेतून आला की खाली उतरतो ते अंधार पडेपर्यंत वर येत नाही.

पण तुम्ही दाखवलेली इमारत मोशीत नेमकी कुठे, ते महत्त्वाचं. गावठाणाकडे, बोऱ्हाडेवाडीकडे, कचरा डेपोच्या अंगाला आणि हायवेच्या पलीकडे अशी मोशी फार वेगवेगळी आहे. डेपोच्या आसपास असेल तर पावसाळ्यात, वारा पडलेल्या संध्याकाळी जाऊन उभे राहा. दुपारी साइटवर गेलात तर काहीच कळणार नाही.

तुमच्या प्रवासाचं मात्र अवघड आहे. मोशीहून बसने नाशिक फाटा आणि तिथून मेट्रो. भोसरीत गाड्या अडकल्या की वेळेचा भरवसा नाही. नाशिक फाटा ते खेड हा ३० किलोमीटरचा उन्नत (खांबांवरचा) रस्ता केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केलाय. तो झाला की प्रवासाचं चित्र बदलेल.

धायरीकर

ताई, आम्ही दोघंही नोकरी करतो आणि आमचा मुलगा माझ्या सासूबाईंनीच वाढवला, म्हणून तुमच्या आईंची बाजू घेऊन लिहितो. लहान मूल असताना माहेर जवळ असणं याची किंमत कुठल्याच हिशेबात धरली जात नाही. मुलाला रात्री ताप चढला, सकाळी बायकोची ऑडिटची मीटिंग, मी गावाला. त्या सकाळी सासूबाई साडेसहाला रिक्षाने दारात होत्या. पाळणाघरात तापाचं मूल घेत नाहीत. तुमची मुलगी तुमच्या आईच्या अंगाखांद्यावर आहे, हे सहजासहजी मोडू नका.

आता धायरीचं खरं चित्र. धायरीचा उरलेला भाग २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आला. शेजारचे नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी २०२१ मध्ये आले. कर महापालिकेचा सुरू झाला, पण जलवाहिन्यांचं काम अजून सगळीकडे पोचलेलं नाही. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचा खर्च मेंटेनन्सच्या निम्म्याहून जास्त असतो. जानेवारी २०२५ मध्ये गुलियन बॅरे या हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराची साथ आली ती याच पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला. तेव्हापासून आमच्याकडे पिण्याचं पाणी उकळूनच. घर बघायला जाल तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींना गेल्या मार्च ते मेची टँकरची बिलं मागा. ती न दाखवणाऱ्या सोसायटीत घर घेऊ नका.

सिंहगड रोडला राजाराम पुलापासून उड्डाणपूल झाल्यावर वडगावपर्यंतचा रस्ता पुष्कळ सुटलाय. पण धायरी फाट्यापासून आतला रस्ता तसाच अरुंद आहे. आणि चाकण धायरीहून चाळीसच्या वर किलोमीटर. नवले पूल, बायपास, वाकड करत रोज. तुमच्या मिस्टरांचं काय होईल ते मला सांगवत नाही.

वल्लभनगरची_वकील

अबोली, तुझ्याहून बरीच मोठी आहे, म्हणून अगं-तुगं करते. मी बँकांसाठी घरांच्या मालकीहक्काचे सर्च रिपोर्ट, म्हणजे जुन्या नोंदी तपासून अहवाल, करते. राहते वल्लभनगरातच, त्यामुळे तू बघितलेल्या इमारतीसारख्या इमारतींचे जिने रोज बघते. मी माझ्या भागाचं कौतुक करतेय असं वाटेल, म्हणून आधी आकडे घे.

मोशीचं घर ५२ लाखांचं नाही. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो. ४५ लाखांच्या आत आणि ठरलेल्या क्षेत्रफळात असेल तर १ टक्का, नाहीतर ५. तुझं ४५च्या वर आहे, म्हणजे २ लाख ६० हजार. मुद्रांक शुल्क आपल्याकडे पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोन्हीत, स्थानिक कर आणि मेट्रोचा अधिभार धरून, ७ टक्के. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर १ टक्का कमी. ते ६ टक्के धरले तरी ३ लाख १२ हजार. नोंदणी फी ३० हजार. आता कर्ज. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, मुद्रांक-नोंदणी त्यात धरत नाहीत. म्हणजे १० लाख ४० हजार तुझे. बेरीज कर, १६ लाखांच्या पुढे हातचे लागतात. तुझ्याकडे १३ आहेत. वर पार्किंग, सोसायटीचा आगाऊ मेंटेनन्स, वीजमीटर हे प्रत्येक बिल्डर वेगळं सांगतो. आणि डिसेंबर २०२७ पर्यंत २१ हजार भाडं चालूच, शिवाय जितकं कर्ज उचललं जाईल तितक्याचं व्याज. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा पूर्ण हप्ता ३६ हजारांवर जातो. सॅम्पल फ्लॅट सुरेख असणारच, पण आज हे घर तुमच्या आवाक्यात नाही आणि ओढूनताणून आणलं तर पहिली दोन वर्षं तुम्ही दोघं नुसते पैशांची जुळवाजुळव करत राहाल.

कासारवाडीचं घर घे. ४८ सांगितलेत ना, इतक्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या घराला घासाघीस होते. ४६ला ठरलं असं समज. ताब्यातलं जुनं घर, जीएसटी नाही. तुझे २० टक्के ९ लाख २० हजार, मुद्रांक तुझ्या एकटीच्या नावावर घेतलंस तर २ लाख ७६ हजार, नोंदणी ३० हजार. सव्वाबारा झाले. एजंट असेल तर त्याचे एक-दोन टक्के, आणि जुन्या सोसायटीची हस्तांतर फी, जी महापालिका हद्दीत २५ हजारांच्या वर घेता येत नाही. कुणी विकासनिधी, देणगी म्हणून लाख मागितले तर देऊ नकोस. हप्ता ३२ हजारांच्या आसपास बसतो. नोंदणीनंतर महिना-दोन महिन्यांत तू तिथे राहायला जातेस, भाडं थांबतं.

घर एकटीच्या नावावर घ्यायचं असेल तर आधी बँकेत विचार. नवरा सहकर्जदार लागणारच, आणि सहकर्जदार मालकही हवा असं काही बँका म्हणतात. शिवाय तो मालक नसेल तर हप्त्याच्या व्याजाची आयकरातली वजावट त्याला मिळत नाही. ४६ हजार वाचवायचे की तिथे सवलत घ्यायची, ते दोघांचे पगार कुठल्या करप्रणालीत आहेत त्यावर ठरेल. मला विचारशील तर नाव तुझं असावं.

आता रोजचं. संत तुकारामनगर, नाशिक फाटा, कासारवाडी ही लागोपाठची तीन स्टेशनं. नाशिक फाट्याहून शिवाजीनगर एका गाडीत, वीस मिनिटांच्या आसपास, पावसाळ्यातही तेवढीच. नवऱ्याला नाशिक फाट्यावर चाकणच्या कंपन्यांच्या बस मिळतात. एवढ्या कंपन्या तिथे माणसं उचलतात की पहाटे साडेपाचला त्या चौकात चहाच्या गाडीभोवती गर्दी असते. सासूबाईंना संगमनेरला जायचं झालं तर नाशिककडच्या एसटी इथूनच मिळतात, आणि वल्लभनगरचा एसटी स्टँड जवळ. यशवंतराव चव्हाण रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. गुडघ्यांसाठी, मुलीच्या तापासाठी, रात्री-अपरात्री दवाखाना जवळ असलेला बरा; मूल रात्री तापलं की काय होतं ते धायरीकरांनी लिहिलंच आहे. मेट्रो तीच पुढे स्वारगेटपर्यंत जाते. तुझ्या आईला माणिकबागेतून बसने स्वारगेट, तिथून बसल्या जागी नाशिक फाटा. रोज नाही, पण आठवड्यातून एक-दोनदा येऊ शकेल.

मुलीचं मी असं बघते. साडेतीन वर्षांच्या मुलीला पुढच्या जूनमध्ये शाळेत घालशील. शाळा दोन-तीन तासांची असते आणि ती आजीच्या घराजवळ घातलीस तर पहिलीला परत बदलावी लागेल. त्यापेक्षा जिथे दहावीपर्यंत राहायचं तिथेच तिचे पाय पडू देत. घरात दुसरी आजी येतेच आहे. तिला सकाळचं आवरून, शाळेतून आलेल्या नातीला वरणभात भरवणं जमेल. धावपळीचं काम, म्हणजे सोडणं-आणणं, त्यासाठी शेजारची बाई मिळते. आमच्या जिन्यातल्या तीन मुलांना एकच मावशी सोडते-आणते. जुन्या सोसायट्यांत हे आपोआप जुळतं, कारण दारं दिवसभर उघडी असतात.

पाण्याचं सांगते, कारण लपवण्यात अर्थ नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी आहे, आमच्याकडेही. पण जुन्या वस्त्यांत नळाची लाइन आहे आणि इमारतीत कुटुंबं बारा. नव्या टॉवरमध्ये त्याच दिवसाआडच्या लाइनवर शंभर-दोनशे घरं, मग टँकर येतो. तू बघायला जाशील तेव्हा तळातल्या टाकीचं झाकण उघडायला सांग. आत गाळ किती, टाकी किती मोठी, ते डोळ्यांनी बघ. पाणी यायच्या दिवशी सकाळी जा आणि स्वयंपाकघरातला नळ स्वतः सोड.

आणि ही इमारत सोडून आजूबाजूची दुसरी स्वस्त जागा कुणी दाखवली तर दोन गोष्टी आधी तपास. नदीच्या बाजूला दापोडी, जुनी सांगवी, कासारवाडीचा पवनेकडचा भाग इथे निळी पूररेषा (नदीच्या पुराची आखलेली हद्द) कुठून जाते ते महापालिकेच्या विकास आराखड्यात बघायचं. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगीच नसते. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले बंगले मे २०२५ मध्ये पाडले, तिथे लोकांनी आयुष्याची कमाई घातली होती. दुसरं म्हणजे रेड झोन. दिघीचा मॅगझीन (स्फोटकांचा) डेपो आणि देहूरोडचा दारूगोळा डेपो यांच्याभोवती संरक्षण खात्याचा प्रतिबंधित पट्टा आहे. भोसरी, दिघी, तळवडे, रुपीनगर यांचे काही भाग त्यात येतात. तिथे ३० लाखांत टू बीएचके मिळतो, कारण त्यावर बँक कर्ज देत नाही. गुंठ्यांवर बांधलेल्या, नकाशा मंजूर नसलेल्या इमारतींचंही तेच. 'पतसंस्थेचं कर्ज करून देतो' असं एजंट म्हणाला की तिथूनच परत फिरायचं.

धायरीबद्दल एवढंच, की तिकडे खडकवासल्याच्या होऊ घातलेल्या मेट्रोचं बोलून लोक आजच भाव वाढवून सांगतात. आपल्या पहिल्या मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१६चं, पहिली गाडी मार्च २०२२ला धावली आणि स्वारगेटपर्यंत पोचायला सप्टेंबर २०२४ उजाडला. मोशीच्या उन्नत रस्त्यालाही वर्षं जातील, आणि काम चालू असताना तोच रस्ता खोदलेला असेल. तुझी मुलगी तोवर चौथी-पाचवीत गेलेली असेल. जे आज चालू आहे त्याचेच पैसे दे.

ओटा मोडून नवीन करता येतो. पुण्याच्या दोन टोकांना नोकऱ्या असलेल्या घराला असं मधलं ठिकाण या पैशांत दुसरीकडे मिळणार नाही, हे मी अगदी मनापासून सांगते.

स्पाइनरोड

वकीलताईंचा आकड्यांचा मुद्दा पटला. मोशीतच रीसेल बघितलं तर जीएसटी वाचेल, आणि प्राधिकरणाच्या पेठांत जुने फ्लॅट आहेत. फक्त तिथली जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याची असते, हस्तांतराची परवानगी आणि शुल्क लागतं, तेवढं धरा. म्हाडाच्या सोडतीतही अर्ज भरून ठेवा. ४ हजार चौरस मीटरहून मोठ्या प्रकल्पांतली २० टक्के घरं सोडतीत जातात आणि त्यांची किंमत बाजारभावापेक्षा बरीच कमी असते. लागली तर लागली.

अबोली_कर्वेनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. वकीलताई, तुमचं उत्तर आम्ही दोघांनी जेवताना मोठ्याने वाचलं. नवऱ्याने कागदावर बेरीज केली आणि मोशीचा विषय त्यानेच बंद केला.

आईशी बोलायला मला जड जात होतं. काल तिला सगळं सांगितलं. थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, 'तू रोज सकाळी हेल्मेटमध्ये घामाघूम होऊन मुलीला सोडतेस ते मला बघवत नाही. मी येत जाईन, पण बुधवारी नाही, बुधवारी माझं भजन असतं.' आईचं हे ऐकून डोक्यावरचं ओझं उतरलं.

आता कासारवाडीच्या घराबद्दल तीन शंका आहेत. एक, इमारत १९९८ची, म्हणजे आमचं कर्ज फिटेपर्यंत ती पन्नाशीला येईल. मग काय? दोन, बाल्कनीच्या खालच्या बाजूचं प्लॅस्टर एका ठिकाणी पडलंय आणि आत सळई दिसते. मालक म्हणतात किरकोळ आहे. तीन, मालकांना घाई आहे, दोन लाख टोकन रोख मागतायत.

धायरीकर

ताई, तुमच्या आईंनीच हे म्हटलं, आता माझा आग्रह नाही. एकच सुचवतो. मुलीला एकदम तोडू नका. आमच्या मुलाला आम्ही शाळा सुरू व्हायच्या आधी दोन महिने थोडं-थोडं नवीन घरी ठेवत गेलो, सासूबाईही सोबत राहिल्या. तुमच्या आई पहिले पंधरा दिवस तुमच्याकडे येऊन राहिल्या तर दोन्ही आज्यांचं एकमेकींशी जमेल आणि मुलीला जागा ओळखीची होईल. तुमच्या सासूबाई आल्यावर घर लावण्यापेक्षा, त्या येण्याआधी ते लागलेलं असावं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला रंगाच्या वासात आणि खोक्यांत आणू नका.

वल्लभनगरची_वकील

आईंना माझा नमस्कार सांग. बुधवार सोडून आमच्याकडेही भजनी मंडळ आहे, त्यांना कळव.

टोकनचं आधी. रोख एक रुपयाही द्यायचा नाही. चेकने किंवा खात्यातून, तोही कागद बघितल्यावर. आणि पावतीवर स्पष्ट लिहून घ्यायचं की बँकेने कायदेशीर किंवा तांत्रिक कारणाने कर्ज नाकारलं तर रक्कम परत. व्यवहार ५० लाख किंवा त्याच्या वर गेला तर १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या रकमेतून कापायचा आयकर, तुला कापून भरावा लागतो. तुझा त्याखाली राहतोय, म्हणून ती भानगड नाही. मालक काही रक्कम 'वरून' मागतील, कराराची किंमत कमी दाखवू म्हणतील. त्याला हो म्हणालीस की कर्ज कमी बसतं आणि मुद्रांक तसाही बाजारमूल्य आणि कराराची किंमत यांत जे जास्त त्यावरच लागतो. तुला त्यात काहीच मिळत नाही.

सळई दिसते ते किरकोळ असूही शकतं आणि नसूही शकतं. ते मालकांनी ठरवायचं नाही. सहकारी सोसायट्यांच्या उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, व्हायला हवं, तीसच्या पुढे दर तीन वर्षांनी. सेक्रेटरीकडे शेवटच्या ऑडिटचा अहवाल माग. झालंच नसेल तर एखाद्या इंजिनिअरला पैसे देऊन घेऊन जा. बाल्कनीबरोबर पार्किंगमधले कॉलम आणि गच्चीच्या खालचा स्लॅब दाखव. बाल्कनीच्या कडेला पावसाचं पाणी लागून प्लॅस्टर सुटतं, त्याची दुरुस्ती होते. कॉलमवर उभ्या भेगा असतील, स्लॅबला ओलीचे पिवळे डाग पसरलेले असतील, तर मी इतकं सगळं लिहिलं असलं तरी ते घर सोड.

वयाचं. बँकेचा व्हॅल्युअर इमारतीचं उरलेलं आयुष्य लिहितो आणि त्यावर किती वर्षांचं कर्ज ते ठरतं. वीसऐवजी पंधरा वर्षं दिली तर हप्ता ३६ हजारांच्या पुढे जाईल, म्हणून टोकनच्या आधी हे बँकेत तोंडी तरी विचारून घे. पन्नाशीला आलेल्या इमारतीचा पुनर्विकास होतो, आणि मेट्रोजवळच्या जमिनीला तो करणारे मिळतात. पण त्यासाठी जमीन सोसायटीच्या नावावर झालेली असावी लागते. सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर सोसायटीचं नाव आहे का बघ. नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरने करून दिलं नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा, अर्ज केलाय का विचार. आमच्या बाजूच्या कित्येक इमारतींचं हे राहिलंय. ते राहिलेलं असेल तर घर वाईट होत नाही, पण किंमत आणखी खाली आणायला तुझ्या हातात मुद्दा आहे.

मालकांकडून एवढे कागद मागव: त्यांचा मूळ नोंदणी केलेला करार आणि त्याचा इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा), त्यांच्या आधी कुणी मालक असेल तर तोही करार, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मंजूर नकाशा, भोगवटापत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला), चालू वर्षाची मिळकतकराची पावती, वीजबिल आणि सोसायटीचं बाकी नसल्याचं पत्र. घरावर त्यांचं कर्ज असेल तर बँकेचं थकबाकीचं पत्र. भोगवटापत्र नसेल तर पुढे जाऊ नकोस. सर्च निदान तीस वर्षांचा करून घे, बँकेचा वकील करतोच, पण आपल्या माणसाकडून वेगळा केलेला बरा.

घर बघायला परत जाशील ते संध्याकाळी सातला, सासूबाईंच्या वयाच्या कुणाला तरी घेऊन. जिन्याच्या पायऱ्यांची उंची आणि कठडा त्यांना दाखव. जिन्यातल्या दिव्यासाठी सोसायटीला पत्र देता येतं. कागद हाती आले की सोसायटीच्या नोंदणीचं वर्ष आणि सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे तेवढं इथे लिही, कुणाची नावं-नंबर टाकू नकोस. मी बघून सांगते.